घर क्रमांक एक

मधल्या सुट्टीनंतरची घंटा होऊन गेली तरी तिसरीतली एक मुलगी मुतारीच्या भिंतीआड उभी होती. साल शहाण्णव, पावसाळा ओसरत आलेला. मुकुटबनच्या शाळेत मला येऊन तीनच महिने झाले होते आणि पटावरची नावं चेहऱ्यांना लावणं अजून चालू होतं. मी जवळ गेले तशी ती नालीकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, मले रगत लागलं."

नालीतलं पाणी नारिंगी-लाल होतं. रक्त नव्हतं ते. काय खाल्लंस, म्हणून विचारलं तर बराच वेळ तिनं फ्रॉकची कड पिळली आणि मग म्हणाली, "अम्मी लाल गोळी देते. ताकतीची. कोणाले सांगू नको म्हणते." आणि लगेच दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "पाणी जास्त पीत जा."

ती इतक्या विश्वासानं हसली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते गुपित मी सत्तावीस वर्षं पाळलं.

तिचं नाव उमेरा. वडील गफ्फारभाई, पाण्याच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. बसथांब्याजवळ पत्र्याचं वर्कशॉप. एक मोठा भाऊ, अब्रार. आई रौशन, उंच, गोरी, बोलताना पदर तोंडाशी धरणारी. तो पदर मला रीत वाटला. गल्लीला मात्र त्यामागचा आजार माहीत होता. गल्ली त्याला नुसता 'खोकला' म्हणत होती. वणीहून महिन्याच्या गोळ्या एकदम यायच्या आणि घरातल्या डब्यात राहायच्या. रौशन आतल्या खोलीत झोपायची आणि उमेरा तिच्या पाठीला पाठ लावून.

त्या हिवाळ्यात रौशनला बरं वाटलं. सव्वीस जानेवारीला ती शाळेत आली, मुलीची कवायत पाहून गेली. पुढच्या पावसाळ्यात खोकला परत आला. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, पण या वेळी गोळ्यांचा गुण आला नाही. दीड वर्ष ती त्या खोलीत वाळत गेली. उमेरा पाचवीत असताना रौशन गेली. आजार टीबीचा होता हे मला मयतीच्या दिवशी कळलं. त्या लाल गोळीचा आणि या आजाराचा संबंध माझ्या मनात आला नाही. मी भाषा शिकवायची. औषधांतलं मला काही कळत नव्हतं.

त्यानंतर गल्लीतल्या बायका उमेराचा खोकला ऐकू लागल्या. साधं पडसं झालं तरी समोरच्या ओट्यावरचं बोलणं थांबायचं. "आता हिची पाळी," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. पोरीनंही ऐकलं असणार, कारण वर्गात खोकला आला की ती गिळायची. मान खाली, डोळ्यांत पाणी, गळ्याची शीर फुगलेली. गफ्फारभाई दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिला एक्स-रेला नेत. दरवर्षी छाती स्वच्छ निघे. दरवर्षी गल्ली म्हणे, पुढच्या वर्षी पाहू.

नववीत असताना एकदा ती शाळा सुटल्यावर थांबली.

"मॅडम, अब्बा बाहेर झोपत होते. अब्रारभाई बाहेर झोपत होता. अम्मीजवळ मीच झोपत होती. मले काहून नाई झालं?"

विज्ञान घे, इतकंच मी म्हणाले. पण तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं. तो आजार आपल्या अंगात आहे की नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. पुढे तिनं जे काही केलं ते यासाठी केलं, असं मी म्हटलं तर ती रागावणार नाही.

यवतमाळला बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी., मग दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट. विषय क्षय आणि प्रतिकारशक्ती. गावात सगळे तिला डॉक्टरीन म्हणू लागले आणि कमरेचं दुखणं घेऊन येऊ लागले. "मी सुईवाली आहो, गोळीवाली नाई," असं ती हसत सांगायची. "रगत घेतो, देत काईच नाई."

सुट्टीत आली की माझ्या ओट्यावर बसायची. एकदा मी तिला म्हटलं, तुझं काम मला समजेल असं सांग. तिनं जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर एक टिंब काढलं, भोवती गोल गोल पेशी काढल्या.

"हा जंतू. ह्या आपल्या. मारता येत नाई तवा ह्या वेढा घालून बसतात. वेढा टिकला त माणूस ऐंशी वर्षं जगते, त्याले पत्ताही लागत नाई."

"आणि आत तो काय करतो?"

"वाट पाह्यते." तिनं टिंबावर पुन्हा पेन टेकवलं. "याले घाई नसते मॅडम. बाकीचे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याले वीस तास लागतात. वीस वर्षंही थांबते."

पण काही माणसं अशी असतात, ती म्हणाली, की आजाऱ्याच्या शेजारी वर्षानुवर्षं झोपूनही त्यांच्या अंगात वेढ्याचीसुद्धा खूण सापडत नाही. हातावर सुई टोचली तर गाठ येत नाही, रक्त तपासलं तर उत्तर कोरं. अशा माणसांच्या रक्तात काय आहे, ते ती शोधत होती. आणि असं पहिलं माणूस ती स्वतः होती. सुईची चाचणी तीनदा, रक्ताची पाचदा, सगळ्या कोऱ्या.

तिची वही मी पाहिली आहे. निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्याच पानावर लिहिलेलं: घर क्रमांक एक. आई, आजारी, मृत्यू. मुलगी, वय आठ ते अकरा, एकाच अंथरुणात, आजार नाही. खाली पुढची घरं, दोनशेच्या वर. प्रयोगात इतरांचं रक्त ताडून पाहायला एक ठरलेलं रक्त लागतं. ते ती स्वतःचं वापरायची. त्यावर तिचे दोन मोठे लेख छापून आले. मी ते कपाटात ठेवले. समजले नाहीत, तरी ठेवले.

करोना ओसरल्यावर झरी जामणी तालुक्यातल्या घरांचा अभ्यास तिच्याकडे आला. टीबीच्या रोग्यांसोबत राहणाऱ्यांचं रक्त घ्यायचं, दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. मी तोवर निवृत्त झाले होते. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरच्या, बऱ्याच बाया माझ्या हाताखाली शिकलेल्या, निदान शाळेत बसलेल्या. म्हणून ती मला सोबत न्यायची. जीप देवसिंगची. तोंडानं अखंड गाणं, आणि रस्त्यात दिसेल त्याच्याशी मस्करी.

तेवीस सालच्या फेब्रुवारीत आम्ही एका पोडावर गेलो. हंसाबाई नावाची पन्नाशीतली बाई, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी. औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला थोडा कमी, पण वजन तसंच. उमेरानं औषधाची पाकिटं मागितली, रिकामी छिद्रं मोजली. रोजच्या तीन गोळ्या, हिशेब बरोबर.

"बराबर आहे का नाई?" हंसाबाई म्हणाली. "ते नर्सबाई येते, मोजून जाते. तुमी येता, मोजता. माह्या कोंबड्या कोनी इतक्या मोजत नाई व माय!"

"कोंबड्या मोजाले मी येतो मावशी," देवसिंग बाहेरून ओरडला. "एखादी कमी भरन, पन मोजून देतो."

"तू जीप मोज मेल्या तुही!"

सगळे हसत होते. उमेरा हसत नव्हती. पाकीट हातात धरून हंसाबाईच्या गळ्याजवळच्या हाडांकडे पाहत होती. मी अंगणात आले. कुडाच्या बाजूला राखेचा ढीग होता, आणि त्याच्या कडेला हंसाबाईची पाचेक वर्षांची नात बसली होती. ती उठून पळाली. पांढऱ्या राखेवर नारिंगी-लाल डाग पसरत होता.

मी उमेराला हाक मारली. तिनं डाग पाहिला, पोरीकडे पाहिलं, आणि आत जाऊन हंसाबाईसमोर उकिडवी बसली.

"मावशी, नातीले कोणती गोळी देतं तू?"

"कायची गोळी? काई नाई."

"मी रागावत नाई. सांग."

हंसाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "देतो ना एक. तीनातली एक. माह्याजवळच झोपते ते. मले झालं तसं तिले होईन. तुमी मले तीन देल्या, तिले एकही नाई देली. आमच्या घरी आलं थे वाटूनच खातो आमी."

उमेरानं तीन गोळ्या स्वतःच्या तळहातावर काढून ठेवल्या. "ह्या तिन्ही मिळून एका माणसाचं औषध आहे मावशी. दोनच खाल्ल्या त जंतू मरत नाई. शिकते. मंग पुढं कोणत्याच गोळीनं मरत नाई."

"मंग तिचं कसं?"

"तिचं येगळं असते. मी आजच आणाले लावतो."

आणि पोडावरून निघण्याआधी, एका उंचवट्यावर जाऊन, मोबाईलला रेंज मिळेपर्यंत हात वर धरून तिनं पोरीच्या औषधासाठी आरोग्य केंद्राला फोन केला. हंसाबाईचा जंतू अजून शिकला नव्हता, हे पुढे तपासणीत कळलं. ती बरी झाली. नातही ठणठणीत आहे.

परतीच्या वाटेवर मी बोलले. न बोलण्याचा विचार मनात आला नाही असं नाही.

"उमेरा, तिसरीत तू एकदा मुतारीमागं उभी होतीस. तुला आठवतं?"

"नाई."

"तुझी लघवी अशीच लाल होती. तू म्हणालीस, अम्मी ताकदीची लाल गोळी देते. कोणाला सांगू नको म्हणते, असंही म्हणालीस."

देवसिंगचं गाणं थांबलं. नाला गेला, फाटा गेला, तुरीची रिकामी शेतं गेली. ती समोरच्या काचेतून पाहत होती.

"किती दिवस मॅडम?"

"मी एकदाच पाहिलं."

"आन तुमी कोणाले सांगितलं नाई."

"नाही."

"अम्मीनंच सांगू नको म्हटलंतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो घेतला असता.

घरी न जाता तिनं जीप वर्कशॉपवर घ्यायला लावली. गफ्फारभाई सत्तरीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका मोटारीत तांब्याची तार भरत बसलेले. बापलेक आपसांत हिंदी बोलतात.

"अब्बा, अम्मी की गोली मेरे को देते थे क्या?"

त्यांचे हात थांबले. तार मात्र सोडली नाही.

"लाल दो आती थी, छोटी वाली तेरी रहती थी," ते हळू म्हणाले. "सफेद वाली एकच आती थी. वो मैं आधी करता था. हेक्सा ब्लेड से, इधरच, इस टेबल पे. बराबर आधी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत वळले. "दोघी एका बिस्तरात झोपे, मॅडम. आमी म्हटलं, दवा बी दोघींले लागन."

"कितने महिने?" उमेरानं विचारलं.

"सात. आठ होंगे. रौशन को अच्छा लगने तक." मग तारेचं टोक दुमडून, "गलत किया क्या बेटा?"

उमेरानं कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, त्यांच्यापुढे ठेवला. "आपको मालूम नहीं था अब्बा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर आली तेव्हा वही सोबत होती. पहिल्या पानावर तिनं एक ओळ वाढवली होती: मुलीला आईच्या औषधातला हिस्सा, सात ते आठ महिने.

"अम्मीनं अर्धं औषध खाल्लं," ती म्हणाली. वर्गात उत्तर सांगायची तशाच आवाजात. "म्हणून तिचा जंतू शिकला. दुसऱ्या वेळी गोळ्या लागू पडल्या नाई त्या त्याच्यामुळं. आन मी... माह्या अंगात काई खास आहे असं मी समजत होती. खास काई नाई. मी औषधावर होती."

मी काही बोलायला गेले, तर तिनं हात वर केला.

"अजून आहे. माह्या गोळ्या बंद झाल्या तवा अम्मीले बरं वाटत होतं. नंतर ते पुन्हा बिमार पडली. शिकलेल्या जंतूनं. त्या टायमाले मी तिच्याजवळ दीड वर्ष झोपली, बिना गोळीची."

"पण तुझ्या चाचण्या तर कोऱ्या आहेत. कोरं म्हणजे चांगलंच ना?"

"कालपर्यंत होतं," उमेरा म्हणाली. "लहानपणीच्या औषधानं खूणच उठू देली नसन, त आत जंतू आहे का नाई हे कोरी चाचणी कशी सांगन?"

त्या आठवड्यात तिनं दोन्ही लेखांच्या संपादकांना पत्रं लिहिली. ज्या रक्ताशी बाकी सगळी रक्तं ताडली ते रक्त धरता येत नाही, असं कळवलं. तिच्या वरिष्ठांचा फोन माझ्याच घरी असताना आला. एका नमुन्यासाठी दहा वर्षांच्या कामाला कशाला हात लावतेस, असं ते समजावत होते. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली आणि पत्रं मागे घेतली नाहीत. दुसऱ्या रक्तावर सगळं पुन्हा करायला तिला आणि तिच्या विद्यार्थ्यांना आठ महिने लागले. एक लेख दुरुस्त होऊन टिकला. दुसऱ्याचा निष्कर्ष तिनं काढून घेतला. वहीतून घर क्रमांक एक वगळलं, पण बाकीच्यांचे क्रमांक बदलले नाहीत. मोजणी दोनपासून सुरू होते.

काम सरळ झालं, आणि मला वाटलं आता ती सुटली. तसं झालं नाही. आता तिचा प्रश्न तिच्या एकटीपुरता उरला होता. सुट्टीत आली की संध्याकाळी पाच वाजता तोंडात थर्मामीटर. दर तीन महिन्यांनी एक्स-रे. बोलता बोलता हात बरगडीवर जायचा. छाती स्वच्छ निघाली की ती आनंदायची नाही. पुढच्या एक्स-रेची तारीख मोबाईलमध्ये टाकायची. फोनवर ती खोकली की मी बोलायची थांबायची. गल्लीतल्या त्या बायकांसारखीच मीही ऐकत होते, हे एकदा माझ्या लक्षात आलं आणि लाज वाटली. तरी ऐकणं काही थांबलं नाही.

यंदा मार्चअखेरच्या ईदला ती आली. शिरखुर्म्याला मी नेहमीप्रमाणं गेले. घर भरलेलं, अब्रारची बायको वाट्या फिरवत होती, आणि उमेरा बैठकीत न बसता बाहेर, ओट्याच्या शेवटच्या पायरीवर, वाऱ्याच्या बाजूला बसली होती. अब्रारची चार वर्षांची मुस्कान "फुप्पू, फुप्पू" करत तिच्याकडे धावली, तर उमेरानं दोन्ही हात पुढे करून तिला हातभर लांबच थोपवलं. "अब्रारभाई, इसको अंदर लो," ती म्हणाली. मुस्काननं भोकाड पसरलं. गफ्फारभाई म्हणाले, "क्या बेटा, ईद के दिन बच्ची को रुलाती?" आणि मग त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं, आणि मुस्कानला उचलून आत नेलं.

मी पायरीकडे गेले.

"तिथंच थांबा मॅडम. तिकडून बोला."

"केव्हापासून?"

"तीन हप्ते. सांजचा ताप. चार किलो उतरली." ती शांतपणे सांगत होती. "एक्स-रेमध्ये डाव्या बाजूले वरती डाग आहे. थुंकीचा रिपोर्ट काल आला. जंतू टीबीच्या मोठ्या दोन्ही औषधांले दाद देत नाई."

"तुझ्या अम्मीचाच का?"

"कोणाले माहीत? पोडावरचा असन. प्रयोगशाळेतला असन. अम्मीचा नमुना कोणी ठेवलाच नाई, तर ताडून कशाशी पाह्यचं?" तिनं पदर तोंडावर धरला आणि खोकली. या वेळी तिनं खोकला गिळला नाही. "शोधूनही हे निघणार नाई मॅडम. मी शोधलं असतं."

नवीन औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. एप्रिलमध्ये सुरू झाला. संस्थेच्या शहरात एकटी राहण्यापेक्षा तिनं मुकुटबन निवडलं. अब्रारच्या घरामागची खोली तिला दिली आहे. गफ्फारभाईंनी तिच्या दोन भिंतींत मोठ्या खिडक्या पाडल्या. रोज सकाळी ते खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि ती औषध घेईपर्यंत वर्कशॉपला जात नाहीत. औषधानं तिच्या पायांचे तळवे बधिर झाले आहेत. चालताना ती जमिनीकडे पाहून पाऊल टाकते. दोन महिन्यांपासून थुंकीत जंतू सापडलेला नाही. डाग कमी झाला आहे, गेला नाही.

हा ऑगस्ट महिना आहे, औषधाचा पाचवा. सकाळी अकरा ते एक या वेळात उमेरा लॅपटॉपवर तिच्या विद्यार्थ्यांचं काम तपासते. एक वाजल्यानंतर तिला झोपावं लागतं.